मापगुरुजी आणि लेडीज सायकल

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात आमचे हेडगुरुजी चपला घ्यायला आले, की चपलांचे दुकानदार एकमेकांकडे बघून हसायचे, आणि गुरुजी ज्याच्या पुढ्यात उभे राहायचे त्याचं हसू तेवढं बंद व्हायचं. गुरुजी आपल्या जुन्या चपला तिथेच सोडायचे, नव्या पायात घालायचे आणि "चालून पाह्यतो" म्हणून निघायचे. हे चालून पाहणं दुकानापुढच्या दोन-चार पावलांचं नसे. कांदेवाल्या बायांच्या रांगेतून, गुळाच्या दुकानांवरून, बैलबाजाराला वळसा घालून ते थेट एसटीच्या थांब्यापर्यंत जायचे. तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर बोलत उभे राहायचे, कारण नुसतं चालून चप्पल कळत नाही, उभं राहूनही पाहावं लागतं असं त्यांचं म्हणणं. परत येऊन सांगायचे, "डाव्याले चिमटते."

त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा होता. ते म्हणत, सगळ्यांचाच असतो, लोक मोजून पाहत नाहीत. दुकानदारानं दोन वेगवेगळ्या जोडांतून एकेक चप्पल द्यावी, एवढी साधी त्यांची मागणी असे. उरलेल्या दोन चपला कुणाला विकायच्या, हा प्रश्न ते दुकानदारावर सोडत.

मापगुरुजी हे नाव त्यांना गावानं दिलं होतं. मीही त्यांच्या मागे तेच म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडतही होतं असा मला आजही दाट संशय आहे. उंच, काटकुळे, पांढरंशुभ्र धोतर आणि बंद गळ्याचा कोट. तो कोट त्यांना इतका नेमका बसायचा, की आमच्या भागातले जमीनदार त्यांच्यापुढे ढगळ दिसत. कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात शिंप्याची फीत. फीत घरी राहिली तर सुतळीचा तुकडा. तोही नसला तर वीत आणि बोटं होतीच. समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीला, म्हणजे नव्या अभ्यासक्रमाला, सरकारी आदेशाला, लग्नाच्या स्थळाला, ते एकच प्रश्न विचारायचे, "हे कोनाच्या मापाचं हाय?"

लग्नाच्या बोलणीत हा प्रश्न फार अडचणीचा ठरायचा. मुलाकडची मंडळी पोहे खात असताना गुरुजी हळूच विचारत, की स्थळ मुलीच्या मापाचं आहे, की तिच्या काकाच्या? दोन ठिकाणची बोलणी अशी फिसकटल्यावर लोकांनी त्यांना बोलणीला बोलावणं सोडलं, जेवणाला मात्र अगत्यानं बोलवत. त्यांची बायको, आम्ही तिला काकू म्हणायचो, उंचीनं त्यांच्या कोपरापाशी येई. ती चुलीपुढून म्हणायची, "आमच्या लग्नात माप घ्याले कोनी नव्हतं." गुरुजी मान डोलवून म्हणत, "म्हनून तं शिकलो." दोघांचं उत्तम चाललं होतं, हेही सांगून टाकते.

आमची शाळा शेलूबाजारपासून दोन-अडीच कोसांवर, डोंगरावरच्या एका बंजारा तांड्यात होती. दोन शिक्षक, गुरुजी आणि मी. एवढा जाणता माणूस आडबाजूच्या शाळेत कसा, असं मला आधी वाटलं होतं. नंतर कळलं की त्यांनी ती शाळा मागून घेतली होती. कारण विचारलं तर म्हणाले, या तांड्यातल्या बाया आपला फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अंगाला बेतून शिवतात, एकीचं दुसरीला होत नाही, अशा लोकांत काम करायला बरं वाटतं. बदली मागायला असलं कारण मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

शाळेतला फळा त्यांनी पहिलीच्या पोरांच्या उंचीवर, जमिनीपासून वीतभर वर लावला होता. त्यावर लिहायला शिक्षकाला मांडी घालून बसावं लागे. एकदा शिक्षण खात्यातले साहेब तपासणीला आले आणि फळ्यावर बेरीज घालायला वाकले ते वाकलेच राहिले. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. ते कण्हत म्हणाले, फळा एवढा खाली का? गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी वर्षातून येकदा येता." साहेबांची कंबर सुटायला आठवडा लागला असं ऐकलं. फळा मात्र आमची शाळा होती तोवर तिथेच राहिला.

गुरुजी आणि मी दोघंही शेलूबाजारात राहायचो. संध्याकाळी गुरुजी घराच्या ओट्यावर कानस घेऊन बसत. निंदणाला जाणाऱ्या बाया आपापलं खुरपं घेऊन यायच्या. खुरप्याच्या मुठी सुतार पुरुषाच्या पंजाच्या करायचा, बायांच्या हाताला फोड यायचे. गुरुजी बाईला मूठ आवळायला सांगायचे, लांबून बघायचे आणि तेवढं लाकूड घासून द्यायचे. माझ्या मायचं खुरपंही त्यांनीच घासलेलं. माय दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायची नाही.

आता सायकलीकडे येते, कारण गुरुजींचं नाव निघालं की मला सगळ्यात आधी सायकलच आठवते.

मी आमच्या घरातली पहिली नोकरदार. बा कापसाच्या जिनात गाठोडी उचलायचा, दादाही तिथेच लागला होता. मी शिक्षिकेचं शिक्षण पुरं केलं आणि आमच्या वस्तीत बायांनी मला बघायला गर्दी केली, मी तीच होते तरी. नेमणूक तांड्यावर झाली आणि बाच्या कपाळाला आठी पडली. तांड्याचा रस्ता दुष्काळी कामात काढलेला. गिट्टी फोडून पसरली, तिच्यावर रोलर फिरायच्या आत पाऊस पडला आणि काम बंद झालं. त्या गिट्टीवरून चालत जायला दीड-दोन तास लागत, यायला तेवढेच. गुरुजी त्यांच्या सायकलीनं जायचे, पण तरण्या मुलीनं कुणाच्या कॅरिअरवर बसायचा तो काळ नव्हता, आणि त्या चढावर डबलसीट जाणं कुणाला शक्यही नव्हतं.

बानं अट घातली होती. दिवे लागायच्या आत घरात पाहिजे. पावसाळाभर मी धापा टाकत ती पाळली. पण दिवाळीनंतर दिवस लहान होणार, हे बालाही कळत होतं आणि मलाही. रिसोडकडचं एक स्थळ मायच्या भावानं आणून ठेवलं होतं. मुलाकडच्यांना नोकरी करणारी सून नको होती. बा म्हणाला, दिवाळीपर्यंत जा, मग पाहू. बाचं "मग पाहू" म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला ती शाळा सोडायची नव्हती. पहिलीची पोरं नुकती वाचायला लागली होती, आणि महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावापुढे सही करून पगार घेताना जे वाटायचं, ते मला परत मायच्या भावाच्या हवाली करायचं नव्हतं.

सायकल घेऊ, ही कल्पना दादाची. तो फार उत्साहानं म्हणाला, बाईसाठी लेडीज सायकल आणू, मी वाशीमला जाऊन घेऊन येतो. दादा मनानं चांगला, पण त्याचा उत्साह पाहून मला शंका आली आणि ती खरी होती. गेलं वर्षभर तो सायकलीचं स्वप्न बघत होता. जिन गावाबाहेर होतं आणि त्याला पायी जायचा कंटाळा होता.

आमच्या भागात तेव्हा लेडीज सायकली कशा घेत, ते सांगितलं पाहिजे. बाप, भाऊ किंवा नवरा शहरात जायचा. दुकानासमोर एक चक्कर मारायचा, घंटी वाजवायचा, ब्रेक दाबायचा आणि पसंत करायचा. जिच्यासाठी सायकल, तिला ती पहिल्यांदा आपल्या दारातच दिसायची. मग ती त्याच्या मापाच्या सीटवर चढायची, जमिनीला बोटं टेकत नाहीत म्हणून एका बाजूला पडायची, आणि सायकल भिंतीला लागायची. मग गंज चढू नये म्हणून घरातले पुरुष ती चालवायचे. आमच्याकडच्या निम्म्या लेडीज सायकलींवर मी पुरुषच बघितले आहेत, साडीसाठी लावलेल्या जाळीसकट.

गुरुजींच्या कानावर हे गेलं आणि ते संध्याकाळी आमच्या घरी आले. बानं "या गुरुजी" म्हणून बाज पुढे केली. ते बसलेच नाहीत.

"सायकल कोनासाठी?" त्यांनी विचारलं.

"पोरीसाठी," बा म्हणाला.

"मंग पोरगी बसून पाहीन अन् मंगच घेऊ."

बा हबकला. भर बाजारात मुलगी सायकलवर बसणार, लोक काय म्हणतील, वगैरे जे बापांना वाटतं ते सगळं त्याला वाटलं आणि त्यानं ते बोलूनही दाखवलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग दादाकडे बोट करून म्हणाले, "पोरीचं पोलकं शिवतानी माप याचं देता काय?"

आत माय पदर तोंडात कोंबून हसत होती, तो आवाज बाहेर आला. बासुद्धा ओठ दाबून इकडेतिकडे पाहायला लागला. शेवटी तो एवढंच म्हणाला, तमाशा नको. गुरुजींनी मान हलवली. तमाशा होणार नाही असं त्यांनी कबूल केलं नव्हतं, हे आम्हाला नंतर लक्षात आलं.

मला तर सायकल चालवताच येत नव्हती. गुरुजी म्हणाले, ज्याला चालवता येत नाही त्याला सायकल कशी बसते ते कळणार नाही, आधी शीक. दुपारच्या सुट्टीत तांड्यामागच्या माळावर त्यांच्याच सायकलीवर शिकवणी सुरू झाली. मधला दांडा असलेली ती उंच सायकल. काकूंनी आपलं नऊवारी लुगडं दिलं, कासोटा घालून दिला. तांड्याच्या नायकाची बायको, हातभर बांगड्या घातलेली धिप्पाड बाई, कॅरिअर धरून माझ्यामागे पळायची आणि मध्येच, मला न सांगता, सोडून द्यायची. मी तुरीत पडले की सगळा तांडा हसायचा, मग मीही हसायचे. गुरुजी लांब उभे राहून नुसते बघायचे. एक दिवस मी पडले नाही, तेव्हा ते म्हणाले, आता काकूकडून पायाचं आणि हाताचं माप घेऊन ये. काकूंनी सुतळीनं माप घेतलं, गाठी मारल्या. ती सुतळी गुरुजींनी कोटाच्या खिशात ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं एसटीनं वाशीमला गेलो. बा, दादा, गुरुजी आणि मी. बाजारातलं सायकलींचं मोठं दुकान, बाहेर फूटपाथवर ओळीनं उभ्या केलेल्या नव्या सायकली, आत गादीवर शेठ. शेठ चांगला माणूस होता. त्यानं दादाला बघितलं, तरणाबांड गडी बघितला, आणि लेडीज सायकल त्याच्यापुढे केली. दादा बसलाही. चक्कर मारून आला, घंटी वाजवली, त्याचा चेहरा नुसता उजळला होता. म्हणाला, एक नंबर आहे.

गुरुजींनी खिशातून सुतळी काढली, सीटपासून पायडलपर्यंत धरली. सुतळी वीतभर कमी पडली.

"उतर," ते दादाला म्हणाले. "आता ते बसन."

मी पुढे झाले. शेठ म्हणाला, बायामाणसं इथं बसत नाहीत, घरी नेऊन बघा, नाही जमलं तर सीट खाली करा. गुरुजी म्हणाले, सीट खाली होईल, पण हँडल जवळ येईल का? मी सीटवर बसले. पाय लोंबत होते, हात असे ताणले होते, की वळायचं म्हटलं असतं तर मीच पुढे हँडलवर आडवी झाले असते. आणि तेवढ्यात गर्दी जमली. कपड्याच्या दुकानातले नोकर, हमाल, कॉलेजातली पोरं, चहावाला किटली घेऊन. मुलगी सायकलवर बसते आहे, ही बातमी वाशीमच्या बाजारात एवढ्या वेगानं पसरेल असं वाटलं नव्हतं. कुणी शिटी वाजवली. कुणी म्हणालं, पडते आता.

मी खाली उतरले. बा माझ्याकडे बघत नव्हता. तो फूटपाथकडे बघत म्हणाला, "चला. नोको थे सायकल अन् नोको थे नोकरी."

बा रागावला असता तर मी भांडले असते. तो शरमला होता, आणि शरमलेल्या बापाशी भांडायचं कसं ते मला येत नव्हतं. मी पदर सारखा केला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं तोंड केलं.

तेव्हा मागून घंटी वाजली.

गुरुजी सायकलवर बसले होते. ओळीतली सगळ्यात लहान, लाल रंगाची, पुढे टोपली लावलेली लेडीज सायकल त्यांनी ओढली होती. बंद गळ्याचा कोट, पांढरंशुभ्र धोतर, गुडघे कोपरांना लागताहेत, आणि चेहरा तपासणीला आलेल्या साहेबासारखा गंभीर. त्यांनी घंटी वाजवत गर्दीतून वाट काढली आणि रस्त्याला लागले. मग सगळी गर्दी हसत-ओरडत त्यांच्यामागे निघाली. चहावाला किटलीसकट निघाला. आपली नवी कोरी सायकल चालली हे शेठच्या ध्यानात आलं आणि तोही गादीवरून उठून "अहो मास्तर, अहो मास्तर" करत धावला. दादा कुणाला आवरायला गेला ते त्यालाच माहीत, पण तोही गेला.

दुकानापुढे उरलो मी, बा आणि दुकानाचा मिस्त्री. मिस्त्री म्हातारा मुसलमान गृहस्थ होता. तो आतून म्हणाला, "आओ बेटी, पीछे गली है. जल्दी करो."

मागच्या बोळात मी एकेक सायकल बघितली. दूर रस्त्यावर घंटी वाजत होती, मध्येच थांबायची, पुन्हा लांबून यायची. घंटी वाजतेय तोवर वेळ आहे, हे मला न सांगता कळलं होतं. एक सायकल उंच पडली. दुसरीचं हँडल लांब. मग मिस्त्रीनं माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला एक लहान सांगाडा काढला. कुण्या डॉक्टरीणबाईसाठी मागवला होता आणि त्यांची बदली झाली, म्हणून पडून राहिला होता. नळ्या जाड, वजनाला भारी, पण ठेंगणा. त्यानं चाकं चढवली. रस्ता कसा आहे म्हणून विचारलं. मी चढ आणि गिट्टी सांगितली. त्यानं रुंद टायर लावले, दोन स्प्रिंगांची सीट बसवली आणि मागचं फ्रीव्हील काढून जास्त दात्यांचं घातलं. म्हणाला, सपाटीवर हळू जाशील, पण चढावर छातीवर येणार नाही.

मी बसले. दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकली. हात सहज हँडलवर आले, कोपरं जरा वाकलेली. असं काही मला त्याआधी कधी झालं नव्हतं. आमच्या घरातली बादली मला उंच पडायची, पाटा जड पडायचा, कॉलेजातला बाक पाठीला रुतायचा, आणि हे सगळं असंच असतं अशी माझी समजूत होती. मी पायडल मारलं. बोळाच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. बोळ इतका अरुंद होता, की मला जाऊ द्यायला बाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं. तो तसा उभा राहिला. मी सायकल चालवताना त्यानं मला पहिल्यांदाच बघितलं होतं. तो मिस्त्रीला म्हणाला, घंटी नवी लावा.

गुरुजी बऱ्याच वेळानं आले. धोतराला चेनचं काळं लागलेलं, कोटाचं वरचं बटण तुटलेलं, मागे धापा टाकणारा शेठ. गुरुजींनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "कोपर वाकते काय?" मी हो म्हटलं. मग ते मिस्त्रीच्या कानाशी लागून काहीतरी बोलले, मिस्त्री हसला आणि सायकल घेऊन पुन्हा आत गेला.

स्टँडवर एसटीच्या टपावर सायकल बांधून आम्ही बाकावर बसलो. दादाचा चेहरा उतरला होता. लोक गुरुजींना काय काय बोलले ते त्यानं ऐकलं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, लय हसले ना तुमाले."

गुरुजी कोटाच्या तुटलेल्या बटणाच्या दोऱ्याशी खेळत होते.

"हसू दे," ते म्हणाले. "मी लहान होतो तवा मालकाच्या पोरानं टाकलेला सदरा घालून शाळेत जात होतो. बाह्या गुडघ्यापोतर. तवाही हसत. शिंपी आपल्या मानसाले हात लावत नव्हता, कापड देल्लं तरी लांबूनच अंदाजानं बेतत होता. दीक्षा घेतली त्या साली मी अकोल्याले गेलो, शिंप्याच्या दुकानात उभा राह्यलो. त्यानं फीत माह्या खांद्याले लावली, अन् मी रडलो. थो म्हने, टोचलं काय? मी म्हटलं, नाही, घे बावा, सारं माप घे."

बा त्यांच्यापेक्षा वयानं थोडा लहान. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून बघितली. आम्ही एसटीची वाट बघत बसलो. मला रडू आलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मी सकाळी निघाले तेव्हा वस्तीतल्या बाया दारात आल्या होत्या. गिट्टीवर चाक उडत होतं, पण सायकल जड होती, ती रस्ता सोडत नव्हती. चढाचा एक टप्पा मी हातात धरून चढले, बाकीचा बसून. गुरुजी माझ्याबरोबर आले नाहीत. ते आधीच जाऊन शाळेच्या दारात, इकडे तिकडे बघत असल्यासारखे उभे होते. मी उतरल्यावर ते म्हणाले, "बाई, पहिलीचा वर्ग घ्या," आणि आत गेले. नायकाच्या बायकोनं मात्र सायकलीभोवती फिरून, सीटवर थाप मारून पसंती दिली.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा ऊन अजून आमच्या छपरावर होतं. माय चूल पेटवत होती. बा बाजेवर बसला होता, त्यानं सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा सूर्याकडे. मी सायकल भिंतीला लावते न लावते तोच दादा आला. तो पान्हा घेऊनच आला होता. म्हणाला, उद्या पहाटे जिनात लवकर जायचं आहे, मी नेतो आणि तुझ्या वेळेपर्यंत आणून देतो. जिनातून मधे सुटून येणं त्याला शक्य नव्हतं, हे बालाही ठाऊक होतं. मी बाकडे बघितलं. रिसोडकडच्या स्थळाचा निरोप दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. सायकल एकदा दादाच्या हातात गेली, की मी परत गिट्टीवर आणि मग रिसोडला.

दादा सीटवर बसला. गुडघे हँडलला आपटले. उतरून त्यानं नट सैल केला आणि सीट वर ओढली. सीट वर आली, आणखी वर आली आणि निघून त्याच्या हातात आली. खालची दांडी जेमतेम वीतभर होती. ती मुद्दाम कापलेली होती, कापलेलं टोक कानशीनं घासून गुळगुळीत केलं होतं.

"बा," दादा म्हणाला, "याची दांडीच तोडली. हे वर होतच नाही. मले होऊच शकत नाही हे."

बा उठला. त्यानं ती सीट दादाच्या हातातून घेतली, दांडीचं टोक अंगठ्यानं चाचपलं. मग त्यानं ती स्वतः नळीत घातली, पान्ह्यानं नट आवळला आणि सायकल परत भिंतीला लावली. मायनं चुलीपासून विचारलं, रिसोडवाल्यांना काय कळवायचं? बा म्हणाला, "पोरगी शाळेत जाते म्हनून सांग." मग दादाकडे वळून म्हणाला, "तू पायी जात जाय."

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचताच मी हे गुरुजींना सांगितलं. ते ऐकत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. आपल्या वर्गात गेले. पहिला तास संपायच्या आत ते माझ्या दारात आले. "काय म्हनला बा?" मी सांगितलं, "तू पायी जात जाय." ते मान हलवून गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले, पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. दुपारी पोरं डबे खायला बसली तेव्हा ते पोरांना घेऊन माझ्यासमोर बसले, आणि पोरांना म्हणाले, बाईच्या बापानं काय म्हटलं ते ऐका. पोरांना ना माझा बा ठाऊक होता, ना दादा. पण गुरुजी हसायला लागले म्हणून पोरंही हसायला लागली, आणि गुरुजी डोळ्यांवर रुमाल धरून हसतच राहिले.